पाय बडवू नका, पाय वापरा!

बालमित्रांनो, आज एक सोपा प्रश्न विचारते. पोहताना आपण पाय कशासाठी मारतो?

“पुढे जाण्यासाठी!” माझ्या चौथीच्या वर्गाने एका सुरात हेच उत्तर दिलं होतं. तुम्हीही हेच म्हणाल. अहो, मी स्वतः कितीतरी वर्षं हेच समजत होते. आणि या एका समजुतीपायी भर पाण्यात, तेही माझ्याच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत, माझी जी फजिती झाली ती आज तुम्हाला सांगणार आहे. फजिती ऐकायला मजा येते. पण तिच्यातून जे शिकले ते तुमच्या उपयोगाचं आहे, बरं का!

मी पोहायला शिकले ते मामाच्या विहिरीत. मे महिन्याची सुट्टी, पाठीला बांधलेला प्लॅस्टिकचा डबा आणि काठावर उभा असलेला मामा. “पाय मार गं, पाय मार! जोरात!” एवढंच त्याचं शिकवणं. जितकं जास्त पाणी उडेल तितकं पोहणं भारी, असं आम्हा सगळ्या भावंडांना वाटायचं. विहिरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अंतर ते किती? पंचवीस-तीस फूट. तेवढ्याला दम पुरायचा. त्यामुळे आपल्याला झकास पोहता येतं, असा माझा ठाम समज झाला.

काही वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या धरणाच्या जलाशयात एक किलोमीटरची पोहण्याची स्पर्धा होती. मी नाव दिलं. वर्गातली पाच-सहा मुलं आई-बाबांबरोबर काठावर हजर! शिट्टी झाली आणि मी निघाले. पाय असे मारले की मागे नुसतं कारंजं. पहिल्या शंभर मीटरला मी पुढच्यांत होते. दोनशेला मधे आले. तीनशेला छाती लोहाराच्या भात्यासारखी चालू लागली, उजव्या पोटरीत गोळा आला आणि मला हात वर करून बचावाची होडी बोलवावी लागली.

काठावर आले तेव्हा मुलं गप्प होती. त्यांतला एक तेव्हा नुकताच पोहायला शिकत होता. तो हळूच म्हणाला, “बाई, तुम्हाला तर पोहता येतं ना?” आणि पुढच्या आठवड्यात कळलं, की त्याने तलावावर जाणंच सोडलं. आईला म्हणाला, “बाईच बुडायला लागल्या, मग मी कसा पोहणार?”

हे मात्र मला फार लागलं. स्पर्धेचं काही वाटलं नाही, पण माझ्यामुळे एका मुलाने पाण्याची धास्ती घ्यावी? मी ठरवलं, आता अगदी पहिलीपासून शिकायचं.

तालुक्याच्या जलतरण तलावावर एक वयस्कर सर शिकवतात. त्यांनी मला पंचवीस मीटर पोहायला लावलं आणि म्हणाले, “बाई, तुम्ही पोहत नाही, पाण्याशी भांडताय.” मग त्यांनी माझ्या हातात पोहण्याची फळी दिली. फळी पुढे धरायची, हात हलवायचे नाहीत, फक्त पायांनी पुढे जायचं. मी जीव तोडून पाय मारले. पाणी उडालं, आवाज झाला, आणि मी? जवळजवळ जागच्या जागी! जे पाय मी आयुष्यभर एवढे बडवले, ते मला पुढे नेतच नव्हते.

पाय खाली का जातात?

आधी एक प्रयोग करा. पाण्याची छोटी प्लॅस्टिकची बाटली रिकामी करा, बूच घट्ट लावा आणि बादलीतल्या पाण्यावर सोडा. ती आडवी तरंगेल. आता तळाजवळ रबरबँडने दोन स्टीलचे चमचे बांधा. पाहा, तळाची बाजू खाली गेली आणि बुचाची बाजू वर आली!

आपलं शरीर असंच आहे. छातीत फुप्फुसं, फुप्फुसांत हवा. म्हणून छाती तरंगते. पायांत मात्र जड हाडं आणि स्नायू. म्हणून पाय खाली जातात. आता बुचाची बाजू बोटाने हलकेच खाली दाबा. चमच्यांची बाजू वर येते ना? म्हणूनच फ्रीस्टाईलमध्ये चेहरा पाण्यात ठेवून खाली तळाकडे बघायचं. डोकं वर काढून समोर बघत पोहलात, की पाय बुडालेच म्हणून समजा.

पाय खाली गेले तर काय बिघडतं? आता एक ताटली घ्या. ती बादलीत उभी, धारेच्या बाजूने पुढे सरकवा. सहज जाते. तीच पसरट बाजूने ढकला. पाणी केवढा विरोध करतं! आडवं, सरळ शरीर म्हणजे धारेची बाजू. पाय लोंबकळलेलं शरीर म्हणजे पसरट बाजू. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं, म्हणून हा विरोध चांगलाच महागात पडतो.

आता आपल्या प्रश्नाचं खरं उत्तर सांगते. लांब पल्ल्याच्या पोहण्यात पुढे नेण्याचं मुख्य काम हात करतात. पायांचं पहिलं काम म्हणजे शरीर पाण्याला समांतर ठेवणं, आणि दुसरं म्हणजे हातांना ताल देणं. पुढे ढकलण्याचं काम तिसरं.

इंजिन मोठं, तर इंधनही मोठं

“पण बाई, पाय तर हातांपेक्षा ताकदवान! मग ते जास्त का नाही वापरायचे?” तुमच्या मनात आलेला हा प्रश्न बरोबर आहे. आपल्या शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत आणि कमरेखाली आहेत. पण मोठ्या इंजिनाला इंधनही जास्त लागतं ना? हे स्नायू जोरात चालले की भरमसाट प्राणवायू खातात. जमिनीवर आपण हवा तेव्हा श्वास घेऊ शकतो. फ्रीस्टाईलमध्ये तोंड पाण्यात असतं. श्वास घ्यायचा तो मान वळवून, ठरलेल्या वेळीच. खर्च वाढला आणि जमा तेवढीच राहिली, की काय होतं? दिवाळं! माझं तीनशे मीटरला तेच झालं होतं.

पन्नास मीटरच्या शर्यतीची गोष्ट वेगळी. तिथे अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर सगळं संपतं, म्हणून पाय पूर्ण ताकदीने मारतात. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक मिळवलं. तसल्या शर्यतीत काही शिल्लक ठेवायचंच नसतं. पण धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचं सागरी अंतर कापणारे पोहणारे पहिल्याच किलोमीटरला पायांची ताकद संपवून बसले तर?

ट्रायथलॉनवाल्यांना विचारा

पायांची काटकसर कशी करावी, हे शिकायचं तर ट्रायथलॉन खेळणाऱ्यांकडून. या खेळात आधी पोहायचं, मग सायकल चालवायची आणि शेवटी धावायचं. मधे विश्रांती नाही. ओल्या अंगाने सायकलचे बूट घालायला लागणारा वेळसुद्धा मोजला जातो. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला पहिल्यांदा आला. तिथलं अंतर १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं.

याचा मोठा भाऊ म्हणजे ‘आयर्नमॅन’. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन! पहिली आयर्नमॅन स्पर्धा १९७८ साली हवाई बेटांवर झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली. आपला मिलिंद सोमण, जो एके काळी राष्ट्रीय विजेता जलतरणपटू होता, त्याने २०१५ साली झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली, तीही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. २०१९ पासून निम्म्या अंतराची आयर्नमॅन स्पर्धा आपल्या शेजारी गोव्यातही सुरू झाली.

आता विचार करा. ज्याला पाण्यातून बाहेर आल्यावर १८० किलोमीटर पायडल मारायचे आहेत, तो पाण्यात पाय बडवेल का? मुळीच नाही. पण तो पाय नुसते सोडूनही देत नाही. सोडले तर ते बुडतील आणि ओढायचं ओझं होतील. तो पाय वापरतो, पण मोजून-मापून.

फटका कसा असावा?

सरांनी मला सांगितलेल्या गोष्टी तुम्हालाही सांगते.

१. पाय खुब्यातून हलला पाहिजे, गुडघ्यातून नव्हे. गुडघा किंचित वाकतो, पण तो आपोआप. चाबकाची मूठ हलली की टोक कसं सपकन जातं, तसं खुब्यातून निघून पावलापर्यंत जायचं.

२. पावलं मागे ताणलेली, अंगठे किंचित आत वळलेले आणि घोटे अगदी सैल. ओल्या पंचासारखे!

३. फटका लहान. पाय शरीराच्या सावलीतच राहिले पाहिजेत. टाचा पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम ढवळतील एवढंच. मोठा धबाक आवाज म्हणजे पाय हवेत गेला. आणि हवेत मारून कोणी पुढे जातं का?

या चार चुका टाळा

पहिली चूक सायकलची. गुडघे पोटाकडे ओढून पायडल मारल्यासारखे पाय मारणं. यात मांडी पुढून येणाऱ्या पाण्यावर आपटते आणि ब्रेक लागतो. माझी चूक हीच होती.

दुसरी चूक आकड्याची. पावलं ताणायच्या ऐवजी उभ्यासारखी काटकोनात ठेवणं. अशी पावलं पाण्यात आकड्यासारखी अडकतात. खूप धावणाऱ्यांचे आणि सायकल चालवणाऱ्यांचे घोटे ताठ असतात. फळी धरून नुसते पाय मारायला लावले, तर त्यांच्यातले काही चक्क मागे जातात!

तिसरी चूक कात्रीची. श्वास घ्यायला वळताना तोल जातो आणि तो सावरायला दोन्ही पाय कात्रीसारखे फाकतात. इथे दोष बहुधा पायांचा नसतो. श्वास घेताना डोकं फार वर उचललं जातं, नाहीतर पुढचा हात शरीराची मधली रेषा ओलांडून पलीकडे जातो. ते सुधारलं, की कात्री आपोआप मिटते.

चौथी चूक दम कोंडण्याची. पायांकडे लक्ष देता देता श्वास सोडायचा राहतो. तोंड पाण्यात असताना नाका-तोंडातून बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे वळल्यावर फक्त घ्यायचं काम उरतं.

दोनाचं गणित

आता खरी गंमत. उभे राहा आणि चालून पाहा. डावा पाय पुढे पडतो तेव्हा कोणता हात पुढे जातो? उजवा! संचलनात एखादा गोंधळतो, डाव्या पायाबरोबर डावाच हात नेतो आणि सगळी शाळा हसते. पाण्यातही हाच नियम.

उजवा हात पाण्यात शिरून पुढे लांबतो, नेमका तेव्हा डाव्या पायाचा एक फटका. त्याने डावा खुबा वर उचलला जातो, शरीर उजव्या कुशीकडे वळतं आणि उजवा हात आणखी लांब पोहोचतो. मग डावा हात आणि उजवा पाय. दोन हात, दोन फटके. बस्स! याला दोन ठोक्यांची पद्धत म्हणतात. पन्नास-शंभर मीटरचे पोहणारे दोन हातांमागे सहा फटके मारतात. लेझीम खेळताना ताल चुकला की दम लागतो आणि ताल सापडला की तासभर खेळता येतं, तसंच हे.

आता वहीवर हिशोब करा. समजा, दोन हातांत मिळून तुम्ही दीड मीटर पुढे जाता. म्हणजे १५०० मीटरला दोन्ही हातांच्या १००० जोड्या. सहा ठोक्यांनी किती फटके? ६०००. दोन ठोक्यांनी? २०००. वाचले ४०००! हे वाचलेले फटके म्हणजेच सायकलसाठी राखून ठेवलेले पाय.

हे आळशी माणसांचं पोहणं आहे असं मात्र समजू नका. ऑस्ट्रेलियाची शेन गुल्ड दोन ठोक्यांनीच पोहायची. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये तिने तीन सुवर्ण, एक रौप्य आणि एक कांस्य, अशी पाच पदकं जिंकली. तेव्हा ती अवघी १५ वर्षांची होती!

आई-बाबांसाठी एक सूचना. लहान मुलांना आधी नीट, सलग पाय मारता यायला हवेत. शिकवणारे सर सहा ठोके शिकवत असतील तर ते बरोबरच आहे. पाय घटवल्यावरच पाय वाचवायला शिकायचं. जो मुळात उधळूनच टाकतो त्याला काटकसर कुठून जमणार? आणि समुद्रात पोहताना खारं पाणी जास्त दाट असल्यामुळे शरीर थोडं अधिक तरंगतं. त्यामुळे तलावात हे जमलं की समुद्रात पायांचं काम आणखी हलकं होतं.

सराव कसा कराल?

घरी: रोज एक मिनिट वज्रासनात बसा. पावलं मागे ताणली जाऊन घोटे मोकळे होतात. गुडघा किंवा घोटा दुखत असेल तर मात्र बसू नका. मग खुर्चीवर बसून पायाच्या अंगठ्याने हवेत १ ते १० आकडे काढा. आधी उजव्याने, मग डाव्याने.

काठावर: तलावाच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडा आणि हळूहळू मारा. पाणी उडता कामा नये. अंगठ्यांपाशी उकळल्यासारखं दिसलं पाहिजे.

उताणं: पाठीवर झोपून, हात मांड्यांशी ठेवून पाय मारा. गुडघे पाण्याबाहेर दिसले की समजा, सायकल सुरू झाली.

कुशीवर: एका कुशीवर व्हा, खालचा हात पुढे लांब. सहा फटके मोजा, हात मारून कूस बदला, पुन्हा सहा.

शेवटी तालावर: अगदी सावकाश पोहा आणि मनात म्हणा, “हात-पाय, हात-पाय.” घाई केलीत की ताल गेलाच. मला हा ताल सापडायला तीन महिने लागले.

ट्रायथलॉनवाले आणखी एक युक्ती करतात. काठ शंभर-दीडशे मीटरवर आला, की ते पायांचे फटके थोडे वाढवतात. इतका वेळ शांत असलेल्या पायांत रक्त खेळू लागतं आणि उभं राहिल्यावर लटपटायला होत नाही.

हे विसरू नका

एकट्याने पाण्यात कधीही उतरायचं नाही. विहीर, नदी, तळं किंवा समुद्र असेल तर पट्टीचा पोहणारा मोठा माणूस सोबत हवाच. तलावावर जीवरक्षक हवा. पोटरीत गोळा आला तर घाबरून हातपाय झाडू नका. उताणे होऊन तरंगा, हात वर करून मदत मागा आणि पायाची बोटं नडगीकडे ओढून धरा. गोळा सुटतो. आणि मदत मागण्यात कसलीही लाज नाही. मी मागितली, म्हणूनच आज हे लिहिते आहे.

तर पुढच्या वर्षी मी पुन्हा त्याच स्पर्धेत नाव दिलं. शिट्टी झाली. सगळे पाणी उडवत पुढे गेले, मी मागे. दोनशे मीटरला मी शेवटून तिसरी होते. पण छाती शांत होती. तीनशे मीटरला, जिथे मागच्या वर्षी हात वर केला होता, तिथे मी मनात म्हणत होते, “हात-पाय, हात-पाय.” मग एकेक जण मागे पडू लागला. नंबर काही आला नाही. मधल्या फळीत कुठेतरी संपवलं. पण काठावर माझ्या पायांनी चालत आले!

तो मुलगा काठावर होता. मी मुद्दामच त्याच्या आईला घेऊन यायला सांगितलं होतं. मला वाटलं, तो टाळ्या वाजवेल. त्याने विचारलं, “बाई, या वेळी तुमच्या पायांचं पाणी उडालंच नाही. तुम्ही पाय मारत नव्हता का?”

“मारत होते रे,” मी म्हटलं, “पण मोजून.”

पुढच्या सोमवारी तो तलावावर आला. काठावर बसून पाय पाण्यात सोडले आणि माझ्याकडे बघत हळूच पहिला फटका मारला. एक थेंब उडाला नाही!

तर मग मित्रांनो, आजच वज्रासनापासून सुरुवात करा. आणि काठावरून कोणी ओरडलंच, “पाय मार, पाय मार,” तर हसून त्यांना आपला बाटली-चमच्याचा प्रयोग करून दाखवा. माझ्या मामालासुद्धा मी तो दाखवला, बरं का!